आचाऱ्याचा आचार्य

कॉम्प्युटरच्या तिसऱ्या वर्षाला 'थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन' नावाचा विषय असतो. हॉस्टेलवर या विषयाची ख्याती अशी, की तो कळत नाही पण सुटतो. वर्तुळं काढायची, बाण काढायचे, शेवटच्या वर्तुळाभोवती आणखी एक वर्तुळ काढायचं, पंपिंग लेमा पाठ करायचा आणि पुढच्या सेमला लागायचं. त्यातच 'रेग्युलर एक्सप्रेशन' हे प्रकरण येतं. पेपरात त्यावर हमखास प्रश्न असतो आणि पोरं तो हमखास सोडवतात. पण त्याच पोराला त्याच संध्याकाळी पन्नास पानी रिपोर्टातल्या सगळ्या तारखा '१५-०८-२०२४' अशा आहेत त्या '२०२४/०८/१५' अशा करायला सांगा. गडी एकेक तारीख हाताने बदलत रात्रभर बसेल! जे प्रकरण त्याने सकाळी पेपरात लिहिलं, ते नेमकं याच कामासाठी आहे हे त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

ही झाली जुनी तक्रार. माझी तक्रार तिच्या एक पाऊल पुढची आहे. ज्या थोड्या जणांना हे प्रकरण एडिटरमध्ये वापरता येतं, त्यांनाही ते फक्त इंग्रजीवर वापरता येतं. मराठी मजकूर समोर आला की हीच हुशार मंडळी तो मजकूर असा काही कापतात, की विचारू नका. म्हणून माझं सरळ म्हणणं असं आहे, की आपल्याकडे रेग्युलर एक्सप्रेशन शिकवायचं तर ते मराठी मजकुरावर शिकवावं. हा अस्मितेचा वगैरे मुद्दा नाही. मराठीवर ज्याचा पॅटर्न टिकला त्याचा इंग्रजीवर टिकतोच. उलट मात्र होत नाही.

सिव्हिल-मेकॅनिकलच्या मित्रांसाठी आधी थोडक्यात ओळख. साधं 'फाइंड' तुम्ही दिलेला शब्द जसाच्या तसा शोधतं. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये आपण शब्द देत नाही, शब्दाचं वर्णन देतो. [०-९] म्हणजे शून्य ते नऊपैकी कुठलाही एक आकडा. पुढे + लावला की 'एक किंवा जास्त'. * लावली की 'एकही नसला तरी चालेल'. उभी रेघ म्हणजे 'किंवा'. कंसात जे सापडेल ते मशीन लक्षात ठेवतं आणि बदलताना $१, $२ असं म्हणून ते परत मागता येतं. झालं. वरच्या तारखांसाठी शोधायचं

([०-९]+)-([०-९]+)-([०-९]+)

आणि बदलायचं $३/$२/$१ असं. पन्नास पानं, एक सेकंद. (डॉलरपुढचे आकडे इथे आपल्या पानाच्या शिस्तीप्रमाणे देवनागरीत छापलेत. मशीनला ते इंग्रजीत द्यावे लागतात.)

या कल्पनेचं मूळही गमतीशीर आहे. स्टीफन क्लीनी या गणितज्ञाने १९५१ मध्ये मेंदूतल्या मज्जापेशींच्या जाळ्याचं गणित मांडताना ती काढली. पेपरात आपण जिला 'क्लीनी स्टार' म्हणतो ती हीच चांदणी. १९६८ मध्ये केन थॉम्पसनने त्यावरून मजकूर शोधायची पद्धत लिहून प्रसिद्ध केली आणि नंतर युनिक्सच्या 'ईडी' या एडिटरमध्ये ती आणली. लिनक्सच्या लॅबमध्ये आपण 'ग्रेप' म्हणतो, ते नाव त्या एडिटरमधल्याच एका आज्ञेवरून पडलेलं आहे. त्या काळी संगणकाचं 'अक्षर' म्हणजे इंग्रजी अक्षर. १२८ खुणांत सगळा कारभार आटोपायचा, एक खूण म्हणजे एक अक्षर. वेलांटी, रफार, जोडाक्षर ही भानगडच नव्हती. आपण आज जे शिकतो त्यात हे गृहीत धरलेलं अजून तसंच बसलेलं आहे. अडचण तिथून सुरू होते.

एक साधं उदाहरण घेऊ. समजा, एनएसएसच्या हिवाळी शिबिराचा गेल्या वर्षीचा अहवाल आहे. शिबिरप्रमुखाचं नाव होतं राम. यंदाचा प्रमुख श्याम. (गेल्या वर्षीचाच अहवाल यंदाही का, हा प्रश्न कृपया विचारू नये.) कंट्रोल-एच दाबलं, 'राम'च्या जागी 'श्याम', 'रिप्लेस ऑल'. आता अहवाल वाचा. 'ग्श्यामपंचायतीच्या आवारात शिबिरार्थींनी प्श्यामाणिकपणे श्रमदान केले. दुपारी थोडा आश्याम करून...' कॅमेरामनचा झाला कॅमेश्यामन. पाण्याच्या तपासणीतले पॅरामीटर झाले पॅश्यामीटर.

'आराम'मधला राम निदान डोळ्यांना दिसतो. 'ग्राम'मधला दिसत नाही. आपण 'ग्रा' हे एक अक्षर म्हणून वाचतो, त्यातला र म्हणजे ग च्या पोटातली एक तिरकी रेघ. मशीनला मात्र तिथे ग, हलन्त, र, काना असे चार सुटे नंबर दिसतात. त्यातला र, काना आणि पुढचा म उचलला की झाला राम. हे फक्त आपल्याकडे होतं असं नाही. याहूच्या मेलमध्ये सुरक्षिततेसाठी 'इव्हॅल' ही जावास्क्रिप्टची आज्ञा सापडली की तिच्या जागी 'रिव्ह्यू' घातलं जायचं. मध्ययुगीन या अर्थाचा इंग्रजी शब्द नेमका त्याच चार अक्षरांनी संपतो. मग लोकांच्या पत्रांतून 'मेडिरिव्ह्यू' नावाचा नवाच शब्द फिरू लागला आणि २००२ मध्ये ते प्रकरण उघडकीला आलं. फरक एवढाच, की इंग्रजीत चूक डोळ्यांसमोर असते, आपल्याकडे ती जोडाक्षराच्या पोटात लपते.

बरं, मग 'पूर्ण शब्दच शोध' असं सांगावं? तेही मराठीत पुरत नाही, कारण आपण नुसतं 'राम' क्वचितच लिहितो. रामने, रामला, रामचा, रामकडे. म्हणजे आधी जागा हवी, पुढे प्रत्यय असेल किंवा नसेल, आणि त्यानंतर परत जागा किंवा विरामचिन्ह:

(^|[ ])राम(ने|ला|चा|ची|चे|च्या|शी|कडे)?([ ]|[,.]|$)

बदलायचं '$१श्याम$२$३' असं. ग्रामपंचायत वाचली, आराम वाचला, रामदासही वाचला. वाटतं, जिंकलो. पण अहवालात कुठेतरी 'राम राम मंडळी' असतंच. पहिल्या रामने शेवटची जागा स्वतःच्या खात्यात घेतलेली असते, त्यामुळे दुसऱ्या रामाच्या आधी मशीनला जागाच सापडत नाही. छापून येतं 'श्याम राम मंडळी'! यावर औषध आहे. शेवटच्या कंसात सुरुवातीलाच ?= घालायचं, म्हणजे मशीन पुढे नुसतं डोकावून पाहतं, ती जागा गिळत नाही. ते केल्यावर छापून येतं 'श्याम श्याम मंडळी'. आता पॅटर्न शंभर टक्के बरोबर आहे आणि वाक्य शंभर टक्के चूक. इथून पुढे पॅटर्नच्या हातात काही नाही, माणसाने वाचायला हवं. पॅटर्न कुठे संपतो आणि वाचणं कुठे सुरू होतं, ही समज एका असाइनमेंटमध्ये यापेक्षा चांगली कशी देता येईल ते मला कुणी सांगावं.

सामान्यरूपाचंही असंच. फाईलमध्ये 'पुणे' शोधा. पुण्याला, पुण्यात, पुण्याहून यातलं काहीही सापडणार नाही, कारण प्रत्यय लागायच्या आधी शब्दच बदलतो. 'पुण(े|्या)' असं शोधलं तर सगळे येतात. सोबत 'पुणेरी' येतो तो चालेल, पण 'पुण्याई' पण येते. ती पुण्याचीच आहे असं मानणारे आपल्या हॉस्टेलवर बरेच असले तरी ती वगळावी लागते.

आता थोडं खाली, मशीनच्या पोटात जाऊ. रेग्युलर एक्सप्रेशनमध्ये 'शब्दातलं अक्षर' यासाठी एक तयार खूण असते, उलटी तिरकी रेघ आणि पुढे डब्ल्यू. इंग्रजीसाठी लिहिलेल्या प्रत्येक ट्युटोरियलमध्ये 'मजकुराचे शब्द पाडा' या कामाला हीच खूण वापरलेली असते. पायथॉनमध्ये ती '+' लावून 'मराठी' या शब्दावर चालवून बघा. उत्तर येतं दोन तुकड्यांत: 'मर' आणि 'ठ'.

मी विनोद करत नाहीये. पायथॉनच्या नेहमीच्या 'आरई' मॉड्यूलच्या लेखी अक्षर म्हणजे वर्ण किंवा आकडा. काना, मात्रा, वेलांटी, उकार, हलन्त, अनुस्वार यांची युनिकोडमधली जात वेगळी, 'मार्क' नावाची. ते अक्षर नव्हेत, सबब तिथे शब्द तुटतो. म्हणजे 'मोर' चे तुकडे म आणि र, 'मार' चे तुकडेही म आणि र. मोरात आणि मारात फरक उरला नाही! जावास्क्रिप्टची तर आणखी वेगळी तऱ्हा, तिथे ही खूण इंग्रजीपलीकडे काही ओळखतच नाही, त्यामुळे मराठीचा एकही तुकडा हाती येत नाही. लिबरऑफिस मात्र 'मराठी' हा अख्खा शब्द धरतं, कारण त्याच्या आतलं इंजिन मात्रांनाही शब्दात मोजतं. एकच खूण, तीन ठिकाणी तीन उत्तरं. आकड्यांचंही तेच. आकड्यासाठीची तयार खूण पायथॉनमध्ये '४२' ला आकडा मानते, जावास्क्रिप्टमध्ये मानत नाही. एका बाजूने तपासलेला रोल नंबर दुसऱ्या बाजूला नापास होतो तो असा.

यात नुकसान काय, असं विचारणारे भेटतात. शेवटच्या वर्षाचे प्रोजेक्ट बघा. 'मराठी मजकुरावरून भावना ओळखणे', 'मराठी बातम्यांचं वर्गीकरण' हे विषय आता सगळीकडे घेतले जातात आणि ते घेतले जातात याचा मला आनंदच आहे. पण पहिली पायरी असते 'क्लीनिंग', आणि तिची ओळ इंग्रजी ट्युटोरियलमधून जशीच्या तशी येते. 'ए ते झेड सोडून सगळं उडवा' अशी ओळ असेल तर अख्खी फाईल रिकामी होते. हे बरं, कारण निदान लक्षात तरी येतं. धोका दुसऱ्या प्रकारात आहे. शब्दांचे मात्रा नसलेले तुकडे होतात, ते मॉडेलला भरवले जातात, शेवटी एक टक्केवारी निघते, तिचा रंगीत आलेख निघतो, तो रिपोर्टात लागतो, ओरलला एक्स्टर्नल मान डोलावतात. मधला मजकूर कुणी उघडून वाचलेलाच नसतो. मराठी येणाऱ्या चार पोरांनी आणि मराठी येणाऱ्या एका गाइडने मिळून मराठीवर केलेलं काम, आणि त्यात मराठी नाही. याला काय म्हणायचं?

काहीजण जास्त काळजी घेतात. ते म्हणतात, देवनागरीला युनिकोडमध्ये ०९०० ते ०९७एफ असा १२८ घरांचा प्लॉट दिलेला आहे. तेवढा ठेवू आणि बाकीचा कचरा काढू. ऐकायला पटतं. आता माझ्या लेखाच्या मथळ्याकडे येतो.

'शेतकऱ्यांना', 'दुसऱ्या', 'वऱ्हाड' यातला जो अर्धा र आहे, तो मराठीचा खास दागिना. हा र संगणकात तीन तऱ्हांनी साठवलेला सापडतो. एक, त्यासाठीच दिलेला 'ऱ' हा स्वतंत्र वर्ण आणि पुढे हलन्त. दोन, साधा र, त्याला खाली नुक्ता आणि हलन्त. तीन, साधा र, हलन्त आणि पुढे एक अदृश्य खूण, तिला 'झिरो विड्थ जॉइनर' म्हणतात. पडद्यावर आणि छापून तिन्ही अगदी सारखे दिसतात. मात्र एका तऱ्हेने टाइप करून शोधलं तर दुसऱ्या तऱ्हेचं सापडत नाही. पहिल्या दोन तऱ्हा युनिकोडच्या ठरलेल्या 'नॉर्मलायझेशन'ने एक होतात. तिसरी होत नाही. आणि गंमत अशी की ती अदृश्य खूण देवनागरीच्या प्लॉटमध्ये राहत नाही. तिचा नंबर २००डी, म्हणजे पार लांबच्या वस्तीत. म्हणजे 'देवनागरी सोडून सगळा कचरा काढा' या पॅटर्नमध्ये सगळ्यात आधी तीच उडते. ती उडाली की उरला साधा र आणि हलन्त, आणि त्याचा होतो रफार.

'मेसच्या आचाऱ्यांना विचारून बघा' याचं होतं 'मेसच्या आचार्यांना विचारून बघा'. स्वयंपाकी होता तो प्राध्यापक झाला! 'सह्याद्रीतल्या दऱ्या'चं होतं 'सह्याद्रीतल्या दर्या', म्हणजे डोंगरात समुद्र. शुद्धलेखन तपासणाऱ्या प्रोग्रामलाही यात काही खटकणार नाही, कारण 'आचार्यांना' आणि 'दर्या' हे दोन्ही शब्द अस्सल आहेत. एका न दिसणाऱ्या खुणेवर एका माणसाचा हुद्दा ठरतो आणि ती खूण आपण कचरा म्हणून काढतो. यावरचा उपाय एका ओळीचा आहे: काहीही साफ करायच्या आधी 'र, हलन्त, २००डी' हे जिथे सापडेल तिथे 'ऱ, हलन्त' करून घ्या. एक ओळ. पण ती सुचायला आपला र आपल्याला माहीत हवा.

'ॲ'चीही अशीच गत. हा वर्ण स्वतंत्रपणे युनिकोडमध्ये आला २००८ साली. त्याआधी लोक अ लिहून वर चंद्र काढत होते आणि अजूनही अनेक जण तेच करतात. 'ॲडमिशन' दोन तऱ्हांनी लिहिलेलं असतं, दिसायला एकच, आणि नॉर्मलायझेशन इथे मदत करत नाही. यादीत नाव का सापडत नाही म्हणून खिडकीवर भांडण होतं त्यामागे कधी कधी एवढीशी गोष्ट असते.

विसर्गाची कथा तर प्रत्येक अंकात घडते. टाइप करणारे बहुतेक जण 'दुःख'मध्ये विसर्गाऐवजी कोलन मारतात. छापल्यावर फारसं कळत नाही, पण शोधताना कळतं. म्हणून कुणीतरी उत्साहाने पॅटर्न लिहितो की दोन देवनागरी खुणांच्या मध्ये कोलन आला तर त्याचा विसर्ग करा. देवनागरीच्या प्लॉटमध्ये आकडेही राहतात हे तो विसरतो. मेसची वेळ '१२:३०' ची होते '१२ः३०'. आकडे वगळून पॅटर्न नीट केला तरी 'स्वत:' उरतोच, कारण तिथे कोलनच्या पुढे जागा असते आणि 'विषय: रजा मिळणेबाबत' इथेही कोलनच्या पुढे जागाच असते. मशीनला दोन्ही सारखेच. इथे नियम हरतो, यादी जिंकते:

(स्वत|विशेषत|सामान्यत|मूलत|अक्षरश):

याच्या जागी '$१ः'. दिसायला गावठी, पण काम चोख. सुंदर नियमापेक्षा कुरूप यादी बरी, हे कंपायलरच्या तासाला कुणी सांगत नाही.

आमच्या मराठी विभागात लेखी रूपांचा आग्रह धरणारे काही जण आहेत. 'केलं'चं 'केले', 'तिथं'चं 'तिथे' एका फटक्यात करता येईल का, अशी विचारणा होत असते. शब्दाच्या शेवटी अनुस्वार आला की त्याची मात्रा करायची, एवढाच पॅटर्न. करता येईल. मग 'स्वयं'चं 'स्वये' होईल, 'अहं'चं 'अहे' होईल आणि जुन्या वळणाच्या 'नाहीं'वर वेलांटी आणि मात्रा दोन्ही बसून ते कुठल्याच भाषेत वाचता येणार नाही. माझा हा लेख त्या पॅटर्नमधून गेला तर काय होईल ते मी पाहून घेईन.

एवढं सगळं ऐकून मित्र म्हणतात, अरे, पण मराठीत कोण काम करतंय? प्लेसमेंटला कुणी विचारतं का? विचारत नाही, खरं आहे. पण सातबारा मराठीत आहे, मतदारयादी मराठीत आहे, ग्रामपंचायतीचे दाखले मराठीत आहेत, आणि या सगळ्याचे प्रोग्राम लिहिणारे आपल्यासारख्याच कॉलेजांतून बाहेर पडलेले आहेत. नावातली अदृश्य खूण हरवली तर ज्याचं नाव सापडत नाही तो माणूस खिडकीवर उभा असतो. प्लेसमेंटच्या कंपनीला त्याचं काय!

दुसरा आक्षेप नवा आहे आणि जास्त जोरदार आहे. आता एआयला सांगितलं की ते पॅटर्न लिहून देतं, मग शिकायचं कशाला? लिहून देतं, आणि बऱ्याचदा चांगला देतं. वापरावं. पण त्याला तुमच्या फाईलमधला र कुठल्या तऱ्हेचा आहे हे तुम्ही सांगितल्याशिवाय कळणार कसं? 'मराठी मजकूर साफ कर' एवढंच सांगितलं तर ०९०० ते ०९७एफ वाली ओळ येऊ शकते, आणि ती ओळ अगदी आत्मविश्वासाने आलेली असते. आचारी गेला हे ओळखायला वाचणारा माणूस लागतो. आणि पॅटर्न ही 'किरकोळ ओळ' असते असंही कुणी समजू नये. २० जुलै २०१६ ला स्टॅक ओव्हरफ्लो ही साइट ३४ मिनिटं बंद पडली, ती अशाच एका ओळीमुळे. ओळीच्या टोकांच्या मोकळ्या जागा काढणारा साधा पॅटर्न, आणि समोर आली एका पोस्टमधली सुमारे २०,००० मोकळ्या जागांची रांग. प्रत्येक जागेपासून परत पहिल्यापासून मोजत बसला बिचारा. ती ओळ लिहिणारे काही नवशिके नव्हते.

आता हे सगळं आपल्या कॉलेजात कुठे वापरायचं, तर त्यासाठी कच्चा माल आपल्या मराठी विभागातच पडून आहे. मासिकाचे जुने अंक सीडीवर आहेत. फाईल उघडतात, पण ज्या फॉन्टमध्ये त्या टाइप केल्या तो फॉन्ट नसेल तर पानभर इंग्रजी अक्षरांचा काला दिसतो. युनिकोड रुळायच्या आधी मराठी टाइप करायची रीतच ती होती. इंग्रजी अक्षराच्या घरात देवनागरीचं चित्र बसवायचं. कृतिदेव फॉन्टमध्ये 'हिन्दी' हा शब्द म्हणजे प्रत्यक्षात एफ, जी, मोठा यू, एन, एच. त्यात 'हिन्दी' शोधून सापडणार कुठून? म्हणजे त्या वर्षांतल्या विद्यार्थ्यांनी लिहिलेल्या कविता, वसतिगृहाचे वृत्तान्त, शिक्षकांवरचे मृत्युलेख, सगळं आहे आणि सगळं मुकं आहे.

ते बोलकं करणं हे शंभर टक्के शोधा-आणि-बदलाचं काम आहे. निम्मं सोपं आहे. प्रत्येक इंग्रजी खुणेच्या जागी तिचा देवनागरी वर्ण, एक लांबलचक तक्ता. खरी मजा उरलेल्या निम्म्यात आहे. जुन्या फॉन्टमध्ये टाइपरायटरच्या सवयीने जे आधी दिसतं ते आधी मारायचे. पहिली वेलांटी व्यंजनाच्या डावीकडे दिसते म्हणून ती आधी. युनिकोडमध्ये जसं बोलतो तसं, म्हणजे व्यंजन आधी आणि वेलांटी नंतर. तेव्हा वेलांटीला उचलून उजवीकडे न्यायचं. किती उजवीकडे? 'किती'मध्ये एक अक्षर, पण 'स्थिती'मध्ये अर्धा स ओलांडून थ च्याही पलीकडे. म्हणजे कितीही 'व्यंजन-हलन्त' जोड्या आणि त्यानंतर एक व्यंजन:

ि((?:[क-ह]्)*[क-ह])

याच्या जागी '$१ि'. (सुटी वेलांटी किंवा सुटा हलन्त छापला की शेजारी ठिपक्यांचं वर्तुळ दिसतं, त्याला घाबरू नका.) क्लीनीची ती चांदणी इथे अखेर कामाला लागली! रफाराचं याच्या उलट. तो टाइप केला जायचा अक्षर आणि त्याचा काना-मात्रा झाल्यावर, आणि युनिकोडला तो हवा त्या अक्षराच्या आधी. 'वर्षा'मध्ये व, ष, काना, रफार असा क्रम असतो, तो व, र, हलन्त, ष, काना असा करायचा. 'विद्यार्थी'मध्ये सुरुवातीच्या वेलांटीला पुढे न्यायचं आणि शेवटच्या रफाराला मागे आणायचं. तो पॅटर्न मी इथे देत नाही. वेलांटीचा ज्याला कळला त्याला तो अर्ध्या तासात जमेल, आणि रफाराच्या आधी कुठली कुठली मात्रा येऊ शकते याची यादी करताना व्याकरणाची चांगली उजळणी होईल.

संगणक विभागाने या सेमला एक प्रॅक्टिकल असं ठेवावं. प्रत्येक बॅचला जुन्या अंकाची आठ-दहा पानं द्यावीत. पॅटर्न चालवण्याआधी नुसतं 'फाइंड' करून किती ठिकाणी सापडलं तो आकडा लिहायचा, त्यातली वीस ठिकाणं डोळ्यांनी बघायची, मूळ फाईलला हात लावायचा नाही. 'रिप्लेस ऑल' दाबल्यावर दोन पोरांनी पान मोठ्याने वाचायचं, एकाने छापील अंकातून, दुसऱ्याने पडद्यावरून. जर्नलमध्ये आउटपुटसोबत 'कुठे चुकलं आणि का' याचं एक पान. इन्स्ट्रुमेंटेशन आणि सिव्हिलच्या ज्यांना यायचं असेल त्यांनाही येऊ द्यावं, कारण मराठी वाचता येणं ही यातली मुख्य पात्रता आहे आणि ती कुठल्या एका ब्रँचला दिलेली नाही.

छापील अंक लायब्ररीत आहेत. सीडी मराठी विभागाच्या कपाटात आहेत. त्यातल्या काही आता वाचल्या जात नाहीत, तेव्हा ज्या वाचल्या जातात त्यांच्या प्रती काढायला पुढच्या सेमची वाट पाहण्याचं काही कारण नाही.